मिल्या, तू अडवून धरलेला पाइप

काल तुझा जलदान विधी झाला, मिल्या. भंतेजींनी भांड्यातून वाटीत पाण्याची धार धरली, वाटी भरून वाहू लागली, आणि आम्ही सगळे हात जोडून बघत बसलो. मग एकेकाने उठून तुझ्याविषयी बोलायचं होतं. तुझ्या कॉलनीतले एक निवृत्त साहेब उठले आणि म्हणाले, "मिलिंदराव फार मनमिळाऊ होते." मला इतका राग आला, की चष्मा काढून पुसतच बसलो. ज्याने उभा जन्म कोणतं प्लास्टिक कशात मिसळत नाही हे सांगण्यात घालवला, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला जेवू द्यायचं सोडून पाणी वाढायचा जग कोणत्या प्लास्टिकचा ते ऐकवलं, तो मनमिळाऊ! तुझ्याइतका आडमुठा माणूस मी पाहिला नाही.

माझी पाळी आली तेव्हा तुझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. आम्ही नांदेडला एका खोलीत राहत होतो, नंतर लातूरला एका कारखान्यात नोकरीला होतो, एवढं म्हणालो आणि खाली बसलो. एसटीची पाटी वाचून दाखवावी तसं ते झालं. जे बोलायचं होतं ते चार माणसांत बोलण्यासारखं नव्हतं. शिवाय त्याला उलट बोलणारा तू समोर नव्हतास, आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय मला नीट बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून आज घरी बसून लिहितोय.

नांदेडला कॉलेजात असतानाची ती खोली आठवते का? मी हदगावकडचा, कापूसवाल्या घरातला. तू कंधारच्या पुढच्या वाडीतला. पहिल्या दिवाळीनंतर माझ्या आईने डबाभर रव्याचे लाडू दिले होते आणि ते दगडासारखे झाले होते. पाक साखरला होता. तू एक लाडू फोडलास, उजेडात धरलास आणि खायचं सोडून मला शिकवायला लागलास. साखरेला आपली आपली रांग धरायची असते, म्हणालास. पाक निवत आला की साखरेचे कण एकमेकांना शोधतात आणि रवा धरतो, म्हणजे कणी जमते. पाकात लिंबू पिळलं की रांगेत परका शिरतो, रांग मोडते आणि पाक मऊ राहतो. मी सुट्टीत घरी जाऊन आईला हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या दोस्ताला म्हणावं लाडू खा, लाडवाचा पंचनामा कशाला करून राहिला?" तू पुढची कितीतरी वर्षं तिला भेटलास की लाडू मागायचास आणि मुकाट्याने खायचास.

पण त्या लाडवातच तुझं पुढचं आयुष्य होतं, हे मला फार उशिरा कळलं. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसायच्या, पाट्यांवरचा रंग ओला असायचा, आणि जो तो म्हणायचा की आता इथे सगळं होणार. आपल्याला दोघांनाही नव्या औद्योगिक वसाहतीत पाइपाच्या कारखान्यात नोकरी लागली. मी यंत्रावर, तू तपासणीच्या खोलीत. खोली कसली, एक टेबल, एक शेगडी आणि खिडकी. तुला खरं तर पुढे शिकायचं होतं, संशोधन करायचं होतं. "एक वर्स काढू हितं, मंग जाऊ," म्हणालास. त्या एका वर्षात आपण दोघंही म्हातारे झालो.

तू मला शिकवलंस ते इथे लिहून ठेवतो, चुकलो तर तुझ्या पद्धतीने कपाळावर हात मारून घे. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, साच्यातून दाबून पाइप काढायचा आणि तो गरम पाइप पाण्याच्या लांब हौदातून ओढत न्यायचा. निवताना त्या प्लास्टिकातही साखरेसारखा रवा धरतो. झटकन निवलं तर रवा बारीक धरतो आणि पाइप चिवट होतो. रेंगाळत निवलं तर रवा मोठा होतो आणि पाइप दिसायला टणक, पण आतून ठिसूळ. आणि त्या दाण्यात दुसरं प्लास्टिक मिसळलं तर काय होईल ते त्या दोघांच्या जातकुळीवर. काही सोबतीने रवा धरतात. काही वितळलेले असताना एकत्र नांदल्यासारखे दिसतात, पण निवायला लागले की आपापली रांग धरून वेगळे होतात, आणि दोघांच्या मधे एक सांधा राहतो. तडा त्या सांध्यानेच चालत जातो.

कुठल्याशा कॉलेजातून तू एक जुना सूक्ष्मदर्शक मिळवलास. पाइपाची कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ चकती कापून तू मला त्यात डोळा घालायला लावलास. गोल गोल फुलं होती, एकमेकांना टेकलेली, प्रत्येकात काळा फुलीसारखा छेद. मी म्हणालो, "छान आहे की." मग तू दुसरी चकती लावलीस, मिसळीच्या मालाची. फुलं होती, पण कुठे मोठी, कुठे उसवलेली, मधे मधे थेंब अडकलेले. तू म्हणालास, "हे पाइप न्हाई बाप्या, हे भांडण हाय." मला तेव्हा हसू आलं होतं.

मग दुष्काळ पडला. पाऊस दोन वर्षं तोंडदेखला आला होता, त्या वर्षी तेवढाही आला नाही. कारखान्याच्या बोअरला पाणी होतं, पण धार करंगळीएवढी. कारखान्यामागच्या वस्तीतल्या बाया कुंपणापाशी घागरी घेऊन उभ्या राहायच्या. तुला ते बघवलं नाही. पाळी सुटली की हौदाच्या तळाचा नळ तू त्यांच्यासाठी सोडायला लागलास. "भांड्याला, ढोराला वापरा, प्यायला न्हाई," असं तू दररोज बजावायचास आणि त्या दररोज हाव म्हणून तेच पाणी प्यायच्या. मी तुला म्हणालो की हौद अर्धा राहतोय, पाणी तापतंय. तू म्हणालास, "बघू." तुझ्यासारखा माणूस 'बघू' म्हणाला, याचंच मला नवल वाटलं.

त्याच सुमाराला तुझ्याच वाडीच्या पाइपाचं काम आपल्याकडे आलं. लांबच्या तळ्याखालच्या विहिरीपासून वाडीपर्यंत पाणी आणायचं होतं. तू त्या दिवशी चहा पाजलास, स्वतःहून, हे मी अजून विसरलो नाही. पण ताजे दाणे मिळत नव्हते. शेठ म्हणाला, खताच्या रिकाम्या गोण्यांचा भुगा करून मिसळा. गोणीचं प्लास्टिक वेगळं, आपल्या पाइपाचं वेगळं. मिसळ यंत्रातून अगदी गुळगुळीत निघाली, काळा कुळकुळीत पाइप, वर नख ओढलं तरी ओरखडा नाही. मी खूश होतो. तू पट्ट्या कापल्यास.

ती तुझी पट्ट्यांची तपासणी मला कायम जादूटोण्यासारखी वाटायची. पाइपाची पट्टी कापायची, तिच्यावर पात्याने एक चीर द्यायची, ती वाकवून पितळी खाचेत बसवायची आणि साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची. चांगली पट्टी वाकून पडून राहते. वाईट पट्टीची चीर हळूहळू चालत पलीकडे पोचते. त्या मालाच्या सगळ्या पट्ट्या गेल्या. एकही उरली नाही. तू त्या टेबलावर ओळीने मांडल्यास आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास.

तुझ्या सहीशिवाय माल दाराबाहेर जात नसे. तू रजेवर असलास तर ती सही यंत्रवाल्याने, म्हणजे मी करायची, असा तिथला रिवाज होता. तू सही केली नाहीस. शेठ स्वतः तपासणीच्या खोलीत आला. तो काही दुष्ट माणूस नव्हता, हे तूही मान्य करायचास. तो म्हणाला, "गावं पाण्यासाठी परेशान हायत, अन् तू पट्ट्या भिजवत बसलास? अन् तडकला तर तुझ्यामुळं तडकला. हौदाचं पाणी कुणी वाटलं?" तू म्हणालास की तडा गोणीमुळे आहे. तो म्हणाला की पाण्यामुळे आहे. आणि खरी पंचाईत ही होती की तुलाही माहीत नव्हतं.

मग तू जे केलंस ते फक्त तूच करू शकला असतास. वस्तीचा नळ बंद केलास, हौद काठोकाठ भरू दिलास आणि गोणीचा माल गार पाण्यातून काढून बघितलास. काही पट्ट्या टिकल्या, काही गेल्या. मग खोलीत जपून ठेवलेली ताज्या दाण्यांची शेवटची थैली काढलीस आणि तो माल कोमट पाण्यातून काढलास. पुन्हा तेच, काही टिकल्या, काही गेल्या. म्हणजे मिसळही दोषी आणि पाणीही दोषी, आणि दोघं एकत्र आले की काहीच वाचत नव्हतं. तुला एक गुन्हेगार हवा होता, तुझ्या हाती दोन लागले, आणि त्यातल्या एकाला तूच नळ सोडून घरात घेतलं होतंस.

वस्तीतली ती काशीबाई आली होती कुंपणापाशी, रिकामी घागर कमरेवर घेऊन. तिने विचारलं, "झाला का साहेब, आमच्या पाण्यानं तुमचा पाइप गार?" तू म्हणालास, "झाला. पण तरी तडकून राहिला." तिने घागर खाली ठेवली. "मंग आमचं पाणी काहून तोडलंत?" ती म्हणाली.  यंत्र थांबलं होतं, पाणी कुणाला लागत नव्हतं, म्हणून तू नळ पुन्हा सोडलास. वस्तीला पाणी मिळालं ते तुझ्या वाडीला पाइप मिळाला नाही म्हणून. आणि वस्तीतली निम्मी माणसं आपल्याच यंत्रावर कामाला, त्यामुळे घरात पाणी आलं आणि हजेरी गेली. कुठल्याही बाजूला वळलं तरी भिंतच होती, मिल्या. मी तुला तेव्हा म्हणालो होतो की ह्यातून बाहेर यायला दारच नाही. तू म्हणालास, "दार हाय. पाऊस."

पण पावसाला अवकाश होता. एका रविवारी तू मला वाडीवर घेऊन गेलास. कंधारला उतरून आपण पुढे उन्हात चालत गेलो, आणि चालता चालता मला तो चर दिसला. वाडीच्या लोकांनी पाइपासाठी चर आधीच खणून ठेवला होता. विहिरीपासून थेट वाडीपर्यंत, सरळ, गुडघ्याच्या वर खोल, कडेला माती नीट रचलेली. बायामाणसांनी, म्हाताऱ्यांनी उपाशीतापाशी खणलेला. त्यात उन्हाशिवाय काही नव्हतं. तू चराकडे न बघता त्याच्या कडेने चालत होतास, आणि मी तुझ्या मागे. मला तिथून परत फिरावंसं वाटत होतं.

तुझ्या मायने आपल्याला गूळ आणि अर्धा तांब्या पाणी दिलं.  माय म्हणाली, "तुपल्या कंपनीचा पाइप कवा येतो रं? आमी चर खंदून बसलाव." तू म्हणालास, "येईल माय." मी खरं सांगायला गेलो, तर तू माझ्या पायावर पाय दाबलास. तिथे बसलेल्या एका गड्याला कुणकुण लागली होती. तो उसळला, "म्हणे तडकतोय पाइप! फुटका तर फुटका, दे की बाबा. चिंध्या बांधून घेऊ." सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू खाली मान घालून म्हणालास, "आज न्हाई फुटत तो. तुमी चर बुजवून, वर पेरून बसलाव की मंग फुटतंय. मातीखाली कुठं कुठं चिंध्या बांधसाल?"  माय म्हणाली, "तू न्हवं अडवला ना रं?" आणि तू म्हणालास, "न्हाई माय."

आपल्या साऱ्या ओळखीत तू खोटं बोललेलं मी एवढंच ऐकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाणी आणायला गेलेली माय विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. वाडीवरून निरोप आला, कमरेचं हाड मोडलंय, नांदेडला नेतायत, तू ये. मी तुला म्हणालो, "निघ. मी आहे इथे." तू साबणाच्या पाण्याकडे बोट दाखवलंस. "पट्ट्या भिजत हायत," म्हणालास. मी तुला वाट्टेल ते बोललो, मिल्या. तुझ्या पट्ट्यांना, तुझ्या फुलांना, तुझ्या त्या साबणाच्या बरणीला शिव्या दिल्या. माय मोठी की प्लास्टिक, असं विचारलं. तू एक पट्टी काढलीस, पुसलीस आणि परत पाण्यात ठेवलीस. दिवस सगळे तसेच गेले. तू कारखान्यातून हललाच नाहीस, आणि शेठ दररोज दारात येऊन तुझी खुर्ची रिकामी आहे का ते बघून जायचा.

पावसाला लागून ताजे दाणे आले, हौद भरला, पट्ट्या टिकल्या, तू सही केलीस आणि पाइप गेला. त्याच चरात बसला. तो अजून आहे. माय मात्र पुन्हा कधी सरळ चालली नाही. भिंत धरून, नाहीतर आक्काचा खांदा धरून चालायची. तिने तुला एका शब्दाने कधी विचारलं नाही की तू का आला नाहीस. विचारलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, असं तूच मला एकदा म्हणाला होतास.

आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात, कधी माझ्या अंगणात तर कधी तुझ्या, तू एकच गोष्ट विचारायचास. "बाप्या, मपल्या जागी तू असतास तर?" मी कधी म्हणायचो तुझ्या जागी मला कोण ठेवतंय, कधी म्हणायचो चहा थंड होतोय. तू हसायचास आणि विषय सोडायचास. शेवटच्या आजारपणातही दवाखान्यात तू विचारलंस, नळ्या लावलेल्या होत्या तरी. मी म्हणालो, आधी बरा हो, मग भांडू. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली.

काल सगळे गेल्यावर आक्काने मला थांबवून घेतलं. म्हणाली, "बापूदादा, एक सांगू का? माय पडली तवा मिलिंद काहून आला न्हाई, ते मला म्हाईत हाय. तो नंतर मला म्हणला व्हता, मी रजेवर गेलो की सही बापूवर येती. शेठ त्याला सोडणार न्हाई. त्याला कशाला अडकवू?" एवढं सांगून ती आत गेली. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. मंडपवाला खुर्च्या गोळा करत माझ्यापर्यंत आला तेव्हा उठलो.

म्हणजे मी तुला ज्याच्यासाठी शिव्या घातल्या ते माझ्यासाठी होतं. आणि मी तुला म्हणत होतो, निघ, मी आहे इथे! मी आहे, हीच तर तुझी अडचण होती. काल दिवसभर मी स्वतःला समजावत होतो की तुला माझी दया आली. आज सकाळी वाटलं, दया नाही, तुला माझा भरवसा नव्हता. ह्या दोन्हीतलं कोणतं खरं, ते तू सांगायला नाहीस. बहुतेक दोन्ही एकात एक असतील, आणि मला तुझ्यासारखं चकती कापून बघता येत नाही.

तर उत्तर घे. मी सही केली असती. शेठच्या भीतीने केली असती आणि मायसाठी केली असं सगळ्यांना सांगितलं असतं, तुलासुद्धा. वाडीने वाजतगाजत चर बुजवला असता. एक उन्हाळा लोक पाणी प्यायले असते, मला दुवा दिल्या असत्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच माणसं तोच चर उकरत बसली असती. तुला हे तेव्हाच ठाऊक होतं. तुझं बरोबर होतं, मिल्या, पट्ट्यांबद्दल, गोणीबद्दल आणि माझ्याबद्दलही. तू खुर्ची सोडली नाहीस म्हणून मी जन्मभर सरळ माणूस म्हणून मिरवलो, आणि त्याबद्दल तुझे आभार मानायला मी मुद्दाम हे लिहायला बसलो होतो.

पण आभार मानवत नाहीत. मी सही केली असती तर केली असती. पाइप तडकला असता तर तडकला असता, मी भोगलं असतं. तू जायला हवं होतंस. माय पडली होती, मिल्या.